त्रेपन्नाव्या पानावरचा सोपान

भोर, ११ फेब्रुवारी १९७४

चि. झुबेदा हिस अब्बाच्या दुवा.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. चार वर्षांचा उशीर आहे हे मला कळतं. त्यातली बरीचशी वर्षं माझ्या रागाची होती आणि ती मी मागे घेत नाही. पण तुझं पुस्तक दिवाळीच्या आधी आलं आणि मी अजून पोहोचसुद्धा दिली नाही, तेवढ्यापुरती माफी. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. पोस्टात कोणी उघडून वाचलं तर, अशीही धास्ती वाटते. आजचं तरी टाकीन.

पुस्तक सगळं वाचलं. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, ओळीवर बोट ठेवून वाचतो. दीड महिना लागला. माझ्या आधी सगळ्या भोरनं वाचलं. वाचनालयातल्या गृहस्थांनी चौकात माझा हात हातात घेतला. म्हणाले, कल्हईवाल्याच्या मुलीनं गावाचं नाव काढलं. पाठोपाठ विचारलं, तुम्ही तिला खरंच सांडशीनं मारत होता का? एकदा मारलं, झुबेदा. कल्हईच्या नवसागराचा डबा ओढ्यात सांडलास म्हणून एकदा मारलं. तू असं लिहिलंस की रोजचाच नेम वाटावा.

जोहराफुफी महिना झाला आपल्या घरी आलेली नाही. तिच्या मुलाशी, रफीकशी, लग्न नको म्हणून तू नाशिकला निघून गेलीस, ते तिनं गिळलं होतं. आता तू छापून सांगितलंस की त्याच्या अंगाला तंबाखूचा वास येत होता. जोहरा भर गल्लीत म्हणाली, "वास आला म्हणती, म्हंजी किती जवळ बसत हुती ते बी लिव म्हणावं." मी खाली मान घालून निघून आलो. मशिदीच्या पायरीवर जुने लोक माझी थट्टा करतात. एकजण म्हणाला, जलालभाई, आमचं नाव नाही आलं पुस्तकात, आम्ही काय कमी वाईट होतो?

हे सगळं मी सोसलं. वेल्ह्याकडच्या वाड्यांत लोक आम्हाला वरून पाणी ओतत, आमच्या हातनं कल्हई केलेल्या तांब्याला मात्र आमचे ओठ चालत नसत, हेही तू लिहिलंस. मला वाटलं आता तिकडची गिऱ्हाइकं तुटली. कोणी तुटलं नाही. तिकडचीच अंबूबाई हसून म्हणाली, "व्हय, वततच हुतो. त्यात काय खोटं लिवलंय?" आणि परात पुढं सरकवली. कल्हई तुटली ती स्टीलच्या भांड्यांमुळं, तुझ्या पुस्तकामुळं नाही.

माझा राग त्रेपन्नाव्या पानावर आहे.

तू लिहिलंस की तुझा जन्म फिरतीवर, टेपवाडीत, रखमाजीच्या गोठ्यात झाला. पाचव्या दिवशी तुझी अम्मा गेली. रखमाजी तेव्हा लढाईवर, समुद्रापलीकडं. त्याची बायको ठकुबाई ओली बाळंतीण, तिचा सोपान अंगावर पिणारा. आणि मग तुझं ते वाक्य: "तिनं आपल्या रडत्या सोपानला खाली ठेवलं, आणि सासूच्या नकळत मला उचललं." पुढं तू दोन पानं विचारतेस की मग मी कोण, कोणत्या घरची. मोठं गोड लिहिलं आहेस. पुण्याच्या एका साप्ताहिकात एका बाईनं ते वाक्य पुन्हा छापून खाली ठकुबाईला नमस्कार लिहिला, असं ऐकलं.

आता त्या नमस्कारानं काय केलं ते ऐक.

संक्रांतीच्या दिवशी पुण्याच्या सहा बायका मोटार करून वेल्ह्यापर्यंत आल्या आणि तिथून चालत टेपवाडीला. कसलंसं वाचक मंडळ आहे त्यांचं. ठकुबाईला पाटावर बसवलं, ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं. तिला वाटलं सरकारचं काहीतरी आहे. ओसरीवर रखमाजी तीळगूळ खात बसला होता. त्यातली एक बाई उभी राहिली आणि तिनं त्रेपन्नावं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

झुबेदा, त्या घरात एकच पोर झालं होतं. रखमाजीनं ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तो लढाईवरून आला तेव्हा पोर नव्हतं, आणि नंतर पाळणा हलला नाही. ठकुबाईनं तुला पाजलं हे त्याला तीस वर्षं माहीत नव्हतं. ते त्याला त्या टाळ्यांत कळलं. बायका गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "माजं पोर वाळून मेलं आन तू दुसऱ्याला पाजत हुतीस."

त्या दिवसापासून तो तिच्या हातचं खात नाही. गोठ्यात चूल मांडून स्वतः भाकऱ्या भाजतो. आठवडाभर तिनं ते पाहिलं आणि हिर्डोशीला भावाकडं निघून गेली. पन्नाशीची बाई माहेरी जाऊन पडली आहे. लुगडं दांडीवर तसंच आहे.

तू रखमाजीला पत्र लिही. स्पष्ट लिही की मी लिहिलं ते खोटं आहे. काय खरं, काय खोटं, ते नंतर कळवीन. आधी एवढं लिही.

तुझा अब्बा
जलाल


भोर, ३ मार्च १९७४

चि. झुबेदास,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर लिहिलंस, तेव्हा आधी पोस्टमननं वाचलं आणि मग मी. "अब्बा, मी तुम्हीच सांगितलेलं लिहिलं. चूक काय ते कळवा, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन." एवढंच. रखमाजीला पत्र नाही, ठकुबाईची चौकशी नाही. इकडं एक घर मोडलं आणि तू मला आवृत्ती सांगतेस. तीन दिवस मी ते कार्ड खिशात घेऊन फिरलो. भेटेल त्याला दाखवून तुझी लाज काढावी असं वाटत होतं. दाखवलं नाही. कारण त्या कार्डावरचं पहिलं वाक्य खरं आहे.

होय, मीच सांगितलं. तू सहा वर्षांची होतीस. भाता ओढत होतीस. विचारलंस, अब्बा, अम्मा मेली तर मला दूध कोणी दिलं? मी भांडं तापवत होतो. मी म्हणालो, ठकुबाईनं. एका अंगाला सोपान, एका अंगाला तू. तुला ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक फिरतीला विचारायचीस, आणि मीही थोडं थोडं वाढवत गेलो. तो रडत होता तरी खाली ठेवला, हे वाढवलेलंच आहे.

सोपान तेव्हा नव्हता, झुबेदा. मी दसऱ्याच्या कल्हईसाठी टेपवाडीला पोचलो त्याच्या चारच दिवस आधी तो गेला होता. पाचव्या माळेला. छातीत कफ झाला होता. आषाढात जन्मलेलं पोर, तीन महिन्यांचंही नाही. सुतक आलं म्हणून घरातला घट अर्ध्यावर उठवला होता. ठकुबाईची छाती दुधानं दगड झाली होती, जुन्या लुगड्याच्या धडोत्यानं बांधून ती भिंतीला टेकून बसलेली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तू झालीस. तुझ्या अम्माला तापात काही उमजत नव्हतं आणि दूधही नव्हतं. तू दिवसभर रडत होतीस. संध्याकाळी धोंडाबाई, म्हणजे रखमाजीची आई, गोठ्यात आली. तुला उचललं आणि सुनेच्या मांडीवर नेऊन टाकलं. "लाव पोरीला. तुजं बी दुखायचं थांबंल आन तिचं बी."

सासूच्या नकळत नाही. सासूनंच केलं. पण तिनं मला दम दिला होता, भावकीत माझं नाव निघालं तर तुझी भट्टी या वाडीत पेटू देणार नाही. म्हणून तुला सांगताना मी तिला वाईट केली. मेलेली बाई आता काय म्हणणार? तू तिच्यावर पाऊण पान खर्च केलंस. तिच्याच गाडीतून तुझ्या अम्माला भोरला आणलं होतं. मातीसाठी.

सहा वर्षांच्या लेकीला कोण सांगतो की तू मेलेल्या पोराच्या वाट्याचं प्यालीस? तू सांगितलं असतंस? आता मोठी झालीस, पुस्तक लिहिण्याएवढी, तर लिहायच्या आधी एकदा विचारायचं होतंस. चार वर्षं बोलत नव्हतो म्हणून काय झालं. मी मेलो नव्हतो.

परवा टेपवाडीला गेलो. नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्यापासून पायी. दोनदा वाटेत बसलो, खोकला आता सोडत नाही. रखमाजी गोठ्यासमोर भाकरीचं पीठ मळत होता. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसं. त्यानं हात धुतले, आत जाऊन आपली लष्करातली पेटी उघडली आणि पत्रांची जुडी आणली. लढाईवर त्याला घरून आलेली. पाच आहेत. एक माझ्या पुढ्यात धरलं. कार्तिकातलं. "सोपान खुशाल आहे." दुसरं पौषातलं. "सोपान बसू लागला. खालचे दोन दात आले." आणि मग माघातलं शेवटचं, सोपान गेल्याचं. तू तेव्हा जोहराच्या घरी भोरला आली होतीस.

"माघात गेला ना?" रखमाजी म्हणाला. "तुजी पोरगी तीन म्हैनं पिऊन गेली आन मग माजं गेलं. हितं लिवलंय."

मागच्या पत्रात मी तुला हे सांगितलं नाही. ती पत्रं माझ्या हातची आहेत.

त्या वाडीत तेव्हा दोनच घरं आणि लिहिणारा कोणी नव्हता. मी तुला पाहायला दर पंधरवड्याला जात असे. धोंडाबाई म्हणाली, तो गोळ्या झेलतोय, त्याला काही कळवायचं नाही, खुशाल आहे म्हणून लिही. ठकुबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. मी लिहिलं. धोंडाबाई म्हणाली, अजून काही बरं लिही, बाप आहे तो. म्हणून बसू लागला असं लिहिलं. दात मी माझ्या मनानं लिहिले. सोपानला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. हिरड्याच्या झाडाखाली दगड रचलेले तेवढे पाहिले होते. माघात पुढं वाढवायचा धीर होईना, तेव्हा तो गेल्याचं लिहिलं.

मी रखमाजीला सांगितलं, हे अक्षर माझं आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मंग तवा खोटं लिवत हुतास का आत्ता खोटं बोलतोयस?"

मी म्हणालो, तेव्हा. तो म्हणाला, तेव्हा तुला काय गरज होती? आता आहे. आता तुझ्या पोरीचं नाव झालंय, ठकी घराबाहेर पडलीय, आता तुला माझं तोंड बंद करायचंय. मी कुराणाची शपथ घेतली. तो म्हणाला, त्या दातांसाठी आम्ही पलटणीत गूळ वाटला होता.

मग एवढंच म्हणाला, जिनं छापलं तिनं येऊन सांगावं, आणि खोटं असेल तर खोडून दाखवावं. तू येऊन सांग, की मी लिहिलं ते मला असंच सांगितलं होतं म्हणून लिहिलं, मी काही पाहिलं नव्हतं. तो तुझं ऐकेल. तू भाता ओढायचीस तेव्हा तोच तुला पेटीतून पेन्सिली काढून द्यायचा, ते तू पुस्तकात लिहिलं नाहीस. त्यालाही ते जाणवलं असेल.

आणि दुसऱ्या आवृत्तीतून ते वाक्य काढून टाक. खोडून टाक. मी आयुष्यात तुझ्यापुढं पहिल्यांदा हात जोडतो आहे आणि तरी माझा राग गेलेला नाही.

जलाल


भोर, २२ मार्च १९७४

चि. झुबेदास,

उत्तर नाही. एकोणीस दिवस मोजले. पोस्टमन मला बघून लांबूनच मान हलवतो. परीक्षेचे दिवस आहेत, शाळेत काम असेल, असं जोहरा म्हणते. होय, जोहरा पुन्हा येऊ लागली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या पोराच्या तंबाखूचं राहू दे, आधी ते घर बघ. तुझ्यापेक्षा तिला कळतं असं लिहिणार होतो. लिहिलंच.

काल हिर्डोशीला गेलो होतो. सकाळची एसटी चुकली, दुपारची भरलेली, महाडकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं नेलं. ठकुबाई भावाच्या अंगणात नाचणी पाखडत होती. भावजय फुलाबाई मला बघून म्हणाली, "आला बगा पुस्तकवाला." घरात नणंद येऊन पडली म्हणून ती कावलेली आहे, आणि मी तिला काय बोलणार? पाणी दिलं तिनं. तांब्या हातात दिला. माझं तिकडं लक्ष नव्हतं, निघाल्यावर लक्षात आलं.

मी ठकुबाईला म्हणालो, चल माझ्याबरोबर. त्याच्यासमोर उभी राहा आणि सांग, पोर पाचव्या माळेला गेलं. तू आई आहेस, तुझं नाही ऐकणार तर कोणाचं?

ती म्हणाली, "सांगितलं म्या. येकदा सांगितलं. त्यानी पत्रं काडून दावली. आता परत न्हाई सांगायची. तीस वर्सं त्याच्याजवळ ऱ्हायले, त्यात त्याला काय दिसलं न्हाई?"

मी विचारलं, लढाईवरून आला तेव्हाच का नाही सांगितलंस? सूप थांबवलं तिनं. म्हणाली, त्यानं पत्रातले दात मला बोटानं दाखवले होते, खालचे दोन. म्हणाला, कसे दिसत होते? मी म्हणाले, तांदळासारखे. मग कुठून सांगणार?

असं बघ, झुबेदा. मी लिहिलेले दात ती तीस वर्षं सांभाळत बसली.

मी म्हणालो, काळजी नको, पोरीला सांगितलंय, ती पुस्तकातून ते सगळं खोडून टाकील. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती एकदम चिडली. इतक्या वर्षांत तिला चिडलेली मी पाहिली नव्हती.

"काय खोडणार?"

मी म्हणालो, तेच, सोपान रडत होता, त्याला खाली ठेवलं.

तिनं ते पान मागितलं. पुस्तक माझ्या पिशवीत होतं, तिथंच बसून मी बोट ठेवून वाचलं. मध्ये अडखळलो. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. संक्रांतीला त्या बाईनं वाचलं तेव्हा तिचं लक्ष रखमाजीच्या तोंडाकडं होतं, म्हणे, नीट ऐकलंच नव्हतं. मग म्हणाली, "त्यात माजं पोर रडतंय. जितं हाय म्हणून रडतंय. दुसरं कुटं हाय का त्याचं नाव? ना पाटलाच्या वहीत, ना कुटं. खोडायचं न्हाई, जलालभाऊ. तिला सांगा, ठकी म्हणती खोडायचं न्हाई."

मी म्हणालो, पण त्यातच तुझ्यावर आळ आहे. घर गेलं तुझं. ती म्हणाली, घर गेलं ते गेलं. आणि पुन्हा नाचणी पाखडू लागली. मी निघालो तेव्हा म्हणाली, झुबी बरी आहे ना, जेवते ना वेळेवर? तुझं नाव घेतल्यावर तिच्या तोंडावर राग नव्हता. राग मला आला. तुझ्यावर आला, माझ्यावर आला, त्या सहा बायकांवर, धोंडाबाईवर, रखमाजीवर आला. वरंध्याकडून येणारी एसटी दीड तास आली नाही, आणि रागावून रागावून दमल्यावर मी फाट्यावरच्या दगडावर बसून रडलो. हे कोणाला सांगू नकोस. लिहू तर अजिबात नकोस.

आता मी काय करू ते मला कळत नाही. रखमाजी म्हणतो, छापलेलं खोटं असेल तर खोडून दाखवा. ठकुबाई म्हणते, खोडलंत तर माझं पोर दुसऱ्यांदा जाईल. दोघंही मीच रचलेल्या गोष्टीवर अडून बसले आहेत. मी तिसरी शिकलेला माणूस. जेवढं लिहायला शिकलो तेवढ्यात हे झालं. पुढचं तू बघ. मागच्या पत्रात मी हुकूम केला होता की खोडून टाक. तो हुकूम राहू दे. तूच ठरव. पण नाशिकला टेबलावर बसून ठरवू नकोस. इथं येऊन, आधी रखमाजीच्या गोठ्यात बसून आणि मग हिर्डोशीच्या अंगणात बसून ठरव. तो कदाचित अंगावर येईल. येऊ दे. मी तुझ्याबरोबर असेन, आणि त्या पत्रांचं जे काय असेल ते माझ्या अंगावर घेईन.

त्याला तू येऊन समोर सांगितलंस तर छापलेलं तसंच राहिलं तरी चालेल का, हा विचार एसटीत माझ्या मनात आला होता. मला तो बरा वाटला. पण मला बऱ्या वाटणाऱ्या गोष्टींवर आता माझा विश्वास राहिलेला नाही.

पाडवा तोंडावर आला आहे. रखमाजी यंदा एकट्यानंच गुढी उभारणार. परवा अंबूबाईकडनं निरोप होता की तो दोन दिवस ज्वरात पडून होता, चूल पेटली नाही, आणि दुसऱ्याच्या हातचं घेतही नाही. ठकुबाईला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती जाईल, आणि त्यानं परत पाठवली तर पुन्हा उठणार नाही. म्हणून घाई करतो आहे.

पुण्याहून सातारा गाडीनं आलीस तर कापूरहोळला उतर. कोणत्या दिवशी ते कळव, मी तिथं थांबेन, फाट्यावरच्या गॅरेजपाशी बाकडं आहे. येता येत नसेल तर तसंही कळव, मग मी काहीतरी दुसरं बघेन. पण उत्तर पाठव. कार्ड पाठवलंस तरी चालेल, पोस्टमननं वाचलं तरी चालेल. लवकर पाठव.

तुझा अब्बा
जलाल